तोंडी परीक्षा

सेमिनरीतील शेवटच्या वर्षाची एक सकाळ मला अजून आठवते. गोरेगावच्या आमच्या सेमिनरीत एका लांबट खोलीत तीन परीक्षक बसले होते आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर मी. गुरुदीक्षा काही महिन्यांवर आली होती. परीक्षा तोंडी होती. परीक्षकांपैकी एकजण पापनिवेदनाला आलेला माणूस होऊन आपली व्यथा सांगे, आणि मी त्याला काय उत्तर देतो हे बाकीचे दोघे टिपून घेत. इतकी वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकूनही त्या अर्ध्या तासात माझ्या घशाला कोरड पडली. बाहेर आल्यावर एका सहाध्यायाजवळ मी कुरकुर केली, "गुरुदीक्षा देणारच आहेत, मग ही आणखी परीक्षा कशाला?" तो शांतपणे म्हणाला, "दीक्षा तुला मिळणार आहे. परीक्षा तुझ्यासमोर गुडघे टेकणाऱ्या माणसासाठी आहे."

ख्रिस्तसभेच्या कायद्यातील हा भेद आपल्या श्रद्धावंतांना फारसा ठाऊक नसतो. गुरुदीक्षा आयुष्यभराची असते. ती पुसली जात नाही. परंतु पापनिवेदन ऐकण्यासाठी दीक्षेच्या जोडीला अधिकारही लागतो, आणि तो देण्यापूर्वी त्या धर्मगुरूची योग्यता परीक्षेने अथवा अन्य मार्गाने पडताळून पाहावी, असे कॅनन लॉ सांगतो. दीक्षा वेगळी, अधिकार वेगळा. तशीच पदवी वेगळी आणि परवाना वेगळा. हे मी शिकलो, परीक्षेत त्याचे उत्तरही बरोबर दिले, आणि पुढे कितीतरी वर्षे विसरून गेलो. त्याची आठवण मला २०२४ च्या उन्हाळ्यात झाली, तीही इंग्लंडमधील एका छोट्याशा स्वयंपाकघरात.

ही हकीकत माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची आहे. त्या मुलीला विचारूनच ती लिहीत आहे. नावे मात्र मुद्दाम गाळली आहेत. वसईच्या पश्चिम पट्ट्यात तिच्या वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी होती. मुलीला दंतवैद्यकाला प्रवेश मिळाला तेव्हा फीसाठी त्यांनी वाडीचा एक तुकडा विकला. चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण करून २०१६ साली ती बीडीएस झाली. घराच्या ओट्यालगतच्या खोलीत तिने छोटासा दवाखाना थाटला. वडिलांनी वसईच्या बाजारातून पितळेची पाटी करून आणली आणि स्वतःच्या हाताने ती दाराशी ठोकली. त्या पाटीला आशीर्वाद द्यायला मीच गेलो होतो.

दुसऱ्याच वर्षी तिचे लग्न ठरले. मुलगा परिचारक, मुंबईच्या एका रुग्णालयात नोकरीला होता आणि इंग्लंडमधील रुग्णालयासाठी त्याची निवड झाली होती. लग्नाच्या मिस्सात प्रवचन देताना मी गमतीने म्हणालो, "आता इंग्लंडच्या लोकांचे दात आपल्या गावाच्या हाती!" मंडळी खूप हसली. संध्याकाळी मांडवात तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "फादर, तिथं तिची डिग्री चालेल ना?" मी तत्काळ उत्तर दिले, "डिग्री ती डिग्रीच. काळजी करू नका." मला त्यातले काही म्हणजे काही माहीत नव्हते. पण आपल्या समाजात धर्मगुरूच्या शब्दाला वजन असते. त्यांनी पुन्हा कोणालाही विचारले नाही.

२०१८ साली दोघे इंग्लंडला गेली. नवऱ्यालाही परीक्षा द्यावी लागली. परदेशात शिकलेल्या परिचारकांसाठी तिथे एक संगणकावरील चाचणी असते आणि एक प्रात्यक्षिक. पण त्याच्या रुग्णालयाला माणसांची निकड होती. त्यांनी त्याची तयारी करून घेतली, फी भरली, आणि काही महिन्यांत त्याचे नाव नोंदवहीत चढले. तिची गोष्ट निराळी झाली. ब्रिटनमध्ये दंतवैद्य म्हणून काम करण्यासाठी जनरल डेंटल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असावे लागते. भारतीय पदवीवर ते थेट नोंदवले जात नाही. त्यासाठी ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन, म्हणजे परदेशी पदवीधरांची नोंदणी परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागते. किंवा इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची त्याच तोडीची दुसरी परीक्षा द्यावी लागते.

या परीक्षेची वाट कशी आहे, हे मी तिच्याकडून समजून घेतले. आधी इंग्रजीची चाचणी. आयइएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कोणत्याही विभागात ६.५ पेक्षा कमी नाही, आणि तो निकाल दोन वर्षेच ग्राह्य. मग पदवीची कागदपत्रे, आपल्याकडील दंतपरिषदेचे सचोटीचे प्रमाणपत्र, आणि रुग्णांवर किमान १,६०० तास प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला. नंतर पहिला भाग, म्हणजे प्रत्येकी तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका. त्यांत शास्त्र आणि रोगनिदान यांच्याबरोबर तिथला कायदा आणि व्यवसायनीतीही येते. मग दुसरा भाग, आणि त्याची चार अंगे. पुतळ्याच्या तोंडातील दातांवर तीन तास काम करून दाखवायचे. रुग्णाची तपासणी करून उपचारांची योजना आखायची. खुर्चीवरच कोणाचे हृदय थांबले किंवा श्वास अडकला तर काय कराल ते करून दाखवायचे. आणि अनेक छोट्या कक्षांतून एकेक करत जायचे, जिथे रुग्णाची भूमिका करणारे नट बसलेले असतात. प्रत्येक भागाला चारच संधी, आणि सगळे पाच वर्षांच्या मुदतीत. एकट्या दुसऱ्या भागाची फी चार हजार पौंडांहून अधिक, म्हणजे आपल्या चार लाख रुपयांच्या वर.

हे ऐकताना प्रथम मला राग आला. आमच्या मुलीची पुन्हा इतकी पारख कशाला? पण माझा राग फार वेळ टिकला नाही, कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक जुनी गोष्ट आड आली. ती मी आजवर कोणापाशी फारशी बोललेलो नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका किनाऱ्यावरच्या धर्मग्रामात होतो. तिथल्या कोळी कुटुंबांसाठी आम्ही मोफत दंत शिबिर ठेवले. कोणीतरी एका 'डॉक्टरां'ना घेऊन आले. पांढरा कोट, चामडी बॅग, गोड बोलणे. त्यांचे प्रमाणपत्र पाहावे हे माझ्या मनातही आले नाही. सेवेला आलेल्या माणसाकडे कागद मागणे मला असभ्यपणाचे वाटले असते. रविवारी वेदीवरून मी स्वतः शिबिराची घोषणा केली आणि सर्वांनी लाभ घ्यावा असा आग्रह केला. नंतर कळले, की तो गृहस्थ एका दंतवैद्याकडे मदतनीस होता, एवढेच. एका वृद्ध कोळ्याची खालची दाढ त्याने उपटली. हत्यारे जंतुनाशकाच्या पाण्यात बुचकळून पुन्हा पुन्हा वापरली जात होती. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या जबड्याखाली सूज आली, ती गळ्यापर्यंत उतरली आणि त्याला श्वास घेता येईना. मुंबईच्या रुग्णालयात मानेला छेद देऊन पू काढावा लागला. देवाच्या दयेने तो वाचला. त्याची बायको पुढे मला भेटायला आली. तिने तक्रार केली नाही. ती इतकेच म्हणाली, "फादर, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही आलो."

त्या दिवशी मला कळायला हवे होते, की विश्वास ठेवण्यापूर्वी विचारणे हा अपमान नव्हे. उघड्या तोंडाने खुर्चीत पडलेला माणूस काही विचारू शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी आधीच विचारून ठेवावे लागते. हा धडा ब्रिटननेही किंमत मोजूनच घेतला. तिथे एकेकाळी न्हावी आणि लोहारही दात उपटत असत. १८७८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली. परंतु नोंद नसलेल्यांना दात काढण्यास बंदी झाली ती १९२१ च्या कायद्याने. आपल्याकडे १९४८ साली डेंटिस्ट्स ॲक्ट आला. आणि परकीय पदवीची पारख फक्त गोरे लोकच करतात असेही नाही. भारतीय मुलाने परदेशातून दंतवैद्यकाची पदवी आणली, तर इथे नोंदणी होण्यापूर्वी आपणही त्याची स्क्रीनिंग टेस्ट घेतो. ती आपल्याला योग्य वाटते. कारण खुर्चीत आपण असतो.

आणि ख्रिस्तसभेने कोणाला काय सांगावे? मी त्या उन्हाळ्यात एका इंग्लिश धर्मग्रामात तेथील धर्मगुरूंच्या रजेच्या काळात बदली म्हणून गेलो होतो. निघण्यापूर्वी माझ्या बिशपांचे पत्र, चारित्र्याची खातरजमा, बालकांच्या आणि दुर्बलांच्या संरक्षणाविषयीची चौकशी, असे सगळे सोपस्कार झाले. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर हे प्रश्न विचारले जाताना मनाला किंचित टोचले, हे कबूल करतो. पण ज्या ज्या ठिकाणी पांढऱ्या झग्यावर न विचारता विश्वास ठेवला गेला, तिथे लेकरांनी काय भोगले हे आता साऱ्या जगाला ठाऊक आहे. तेव्हा मी मुकाट्याने सह्या केल्या.

त्याच मुक्कामात एका शनिवारी आगगाडीने मी तिच्या घरी गेलो. नैर्ऋत्य इंग्लंडमधील एका गावात दोन खोल्यांचे भाड्याचे घर. घराला आशीर्वाद द्यावा अशी तिची इच्छा होती. पवित्र पाणी शिंपडत मी स्वयंपाकघरात शिरलो आणि दचकलो. जेवणाच्या टेबलाच्या कडेला एक रबरी मुंडके घट्ट आवळून बसवले होते. तोंड सताड उघडे, आत प्लास्टिकचे दात. तिचा चार वर्षांचा मुलगा म्हणाला, "हे अंकल आहेत. ते रोज आमच्याकडे जेवतात." मी अंकलवरही पाणी शिंपडले. सगळे हसलो. मग मुलाला झोपवून ती बोलायला बसली.

तिने एप्रिल २०२० च्या पहिल्या भागाची तयारी केली होती. महामारी आली आणि परीक्षाच थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या २०२२ साली. मधल्या काळात मूल झाले. २०२१ मध्ये वडील गेले. तिला येता आले नाही, मोबाईलच्या पडद्यावर तिने अंत्यविधी पाहिला. तो विधी मीच केला होता. ती एका दवाखान्यात डेंटल नर्स म्हणून काम करू लागली. म्हणजे दंतवैद्याच्या हाती हत्यारे द्यायची, रुग्णाच्या तोंडातील लाळ ओढणारी सक्शनची नळी धरायची, नोंदी ठेवायच्या. परदेशी दंतवैद्यांना हायजिनिस्ट किंवा थेरपिस्ट म्हणून परीक्षेविना नोंदणी मिळवण्याची एक बाजूची वाट पूर्वी होती. कायदा बदलून मार्च २०२३ मध्ये तीही बंद झाली. २०२२ साली तिने पहिला भाग पहिल्या झटक्यात पार केला. आणि मग सुरू झाली दुसऱ्या भागाच्या जागेची वाट.

"फादर, परीक्षेपेक्षा परीक्षेची जागा मिळणं अवघड आहे," ती म्हणाली. "ठरलेल्या वेळी संगणक उघडून बसायचं. नोंदणी सुरू होते आणि काही मिनिटांत जागा संपतात. त्या दिवशी मी दवाखान्यातून रजा घेते. नवरा दुसऱ्या संगणकावर बसतो. तरी दोनदा हुकलं."

मला योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याकाठचा तो रोगी आठवला. अडतीस वर्षे तो तिथे पडून होता. पाणी हलले की जो प्रथम उतरेल तो बरा व्हायचा. आणि याच्या आधी नेहमी दुसराच कोणी उतरायचा. त्याला तळ्याचा राग नव्हता. त्याचे दुःख होते ते पाण्यापर्यंत पोचवणारा कोणी नसल्याचे.

२०२३ मध्ये तिला जागा मिळाली आणि ती नापास झाली. पुतळ्यावरच्या कामात कमी पडली. मी सांत्वनाचे काही बोलू लागलो तर तिने मला थांबवले.

"परीक्षकांची चूक नव्हती, फादर. मी त्यांच्या जागी असते तर मीही मला पास केलं नसतं. पाच वर्षं मी फक्त नळी धरलीय. हात विसरतात. परीक्षा घ्यायलाच हवी. माझ्या मुलाच्या दाढेला कोणी ड्रिल लावणार असेल, तर त्याची परीक्षा झालेली मला हवीच. पण वेळेवर घ्या ना! २०२० मध्ये माझे हात तयार होते."

तिच्या या बोलण्याने माझे डोळे उघडले. इतका वेळ मी प्रश्नाच्या दोनच बाजू पाहत होतो : परीक्षा असावी की नसावी. खरा दोष तिसऱ्याच ठिकाणी होता. जे कौशल्य तपासायचे तेच वाट पाहायला लावल्याने झिजत होते. दारावर पहारेकरी असावा, त्याने येणाऱ्याला नाव-गाव विचारावे, हे योग्यच. परंतु विचारपूस करायला पहारेकरी वर्षातून मोजक्या वेळाच येत असेल, तर त्या दाराला दार म्हणता येत नाही.

त्यातली विसंगती अशी, की दाराच्या आतल्या बाजूलाही रांग होती. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात सरकारी आरोग्यसेवेतील रुग्ण घेणारा एक दंत दवाखाना उघडला, तेव्हा नाव नोंदवायला पहाटेपासून शेकडो लोक रस्त्यावर उभे राहिले. अखेर पोलिसांना यावे लागले. ती छायाचित्रे जगभर छापून आली. त्याच आठवड्यात, ९ फेब्रुवारीला, दंतरोग्यांची आणि दंतवैद्यांची आश्रयदात्री संत अपोलोनिया हिचा सण होता. अलेक्झांड्रियात इसवी सन २४९ च्या सुमारास या वृद्ध कुमारिकेचे दात जमावाने फोडले आणि तिने श्रद्धेसाठी प्राण दिला. तिच्याकडे दातदुखीने गांजलेल्या माणसांनी शतकानुशतके धावा केला आहे. त्या आठवड्यात तिला दोन्ही रांगा दिसल्या असतील : आत दंतवैद्यासाठी ताटकळणारे रुग्ण, आणि बाहेर परीक्षेसाठी ताटकळणारे दंतवैद्य.

न्यायाने बोलायचे तर तिथल्या रुग्णांची रांग केवळ परीक्षेमुळे नाही. नोंदणी झालेले कितीतरी दंतवैद्य तिथे आहेत, पण २००६ साली आलेल्या सरकारी कराराच्या अटी त्यांना परवडत नाहीत, म्हणून ते खासगी काम पत्करतात. कौन्सिलनेही २०२३ पासून परीक्षेच्या जागा वाढवल्या. अनुभवी दंतवैद्याच्या देखरेखीखाली परदेशी पदवीधरांना तात्पुरती नोंदणी द्यावी का, याविषयी २०२४ च्या आरंभी सरकारने लोकांची मते मागवली. प्रश्न त्यांनाही उमगला आहे. तरीही एक गोष्ट मला खुपतेच. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील पदवी असलेल्या दंतवैद्याला ही परीक्षा द्यावी लागत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ती सवलत चालू ठेवली गेली. म्हणजे काही शेजाऱ्यांच्या पदवीवर विश्वास ठेवता येतो, हे त्यांना मान्य आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभेने एक पाऊल टाकले होते. १९१७ च्या कॅनन लॉनुसार पापनिवेदन ऐकण्यासाठी धर्मगुरूला त्या त्या ठिकाणच्या बिशपांकडून अधिकार घ्यावा लागे. १९८३ च्या नव्या कायद्याने ते बदलले : आपल्या बिशपांनी कायमचा अधिकार दिलेला धर्मगुरू जगात कोठेही पापनिवेदन ऐकू शकतो, स्थानिक बिशपांना मात्र एखाद्याला तो नाकारण्याची मुभा राहिली. एका ठिकाणी झालेली पारख दुसऱ्याने मानायची, आणि शंका आली तर थांबवायचे. दंतवैद्यकात हे इतके सोपे नाही हेही खरे. एकट्या भारतात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, आणि ती सगळी सारख्या दर्जाची आहेत असे आपणही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कागदावर १,६०० तास लिहून देणारे सगळेच तितके तास रुग्णाजवळ उभे राहिलेले असतात का? परक्याने आपल्या पदवीवर शंका घेतली तर रागावण्याआधी आपण आपल्या घरातली लबाडीही निपटून काढायला हवी. चांगल्या महाविद्यालयात मन लावून शिकलेली आमची मुलगी इतरांच्या लबाडीचेही व्याज भरते आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "फादर, माझं एक काम करा. रुग्ण व्हा." नटांच्या कक्षांचा तिला सराव हवा होता. तिने मला कागद दिला. मी चिडलेला रुग्ण : रूट कॅनल करूनही दात दुखतो आहे, पैसे परत हवेत. ती समोर बसली, डोळ्यांच्या पातळीवर. तिने प्रथम माझे ऐकून घेतले. मग जे घडले ते न लपवता सांगितले. दात वाचवण्याचा पुन्हा प्रयत्न, दात काढणे, किंवा काही न करणे, असे तिन्ही मार्ग त्यांच्या धोक्यांसह मांडले आणि निर्णय माझ्यावर सोडला. ती म्हणाली, गावच्या दवाखान्यात आपण रुग्णाला 'आ करा' एवढेच सांगत होतो. संमती कशी घ्यायची हे तिला या परीक्षेने शिकवले. मी मात्र वाईट नट निघालो. दोन मिनिटांतच तिला क्षमा करून टाकली. "असं नाही चालत, फादर," ती हसून म्हणाली, "तिथले रुग्ण इतक्या लवकर पापमुक्ती देत नाहीत!"

सेमिनरीतील ती लांबट खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. तेव्हा मी खुर्चीवर घाबरून बसलो होतो. आज ती बसली होती. फरक इतकाच, की माझी परीक्षा ठरलेल्या दिवशी झाली आणि संध्याकाळी निकाल लागला.

निघताना तिने दारात विचारले, "फादर, मी परत येऊ का गावाला? पाटी आहे अजून कपाटात." मला उत्तर देता आले नाही. सात वर्षांपूर्वी मांडवात मी किती चटकन उत्तर दिले होते! या वेळी मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाळ. पण त्या दिवशी तुझ्या बाबांना मी माहीत असल्यासारखं सांगितलं, त्याची क्षमा माग असं मन म्हणतंय." ती काही बोलली नाही. तिने वाकून माझ्या पाया पडायच्याऐवजी माझा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. प्लास्टिकच्या दातांवर काम करून करून.

परत आल्यापासून माझ्या धर्मग्रामात मी दोन गोष्टी पाळतो. शिबिर कोणाचेही असो, नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय वेदीवरून घोषणा करत नाही. आणि विवाहपूर्व मार्गदर्शनाला बसलेल्या जोडप्यांपैकी कोणी परदेशी जाणार असेल, तर त्यांना विचारतो : तुमच्या दोघांच्या पदव्या तिथे चालतात का? परवाना लागतो का? परीक्षा किती टप्प्यांची, जागा कशा मिळतात, खर्च किती, मुदत किती? हे एजंटाला किंवा शेजाऱ्याच्या भाच्याला विचारू नका. त्या देशाच्या परिषदेचे स्वतःचे नियम वाचा, कारण ते बदलतात. इंटर्नशिपचे तास आणि कामाचे दाखले कॉलेज सोडण्याआधीच सही-शिक्क्यानिशी घ्या. दंतवैद्य सूनबाईने 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून निघू नये. आणि दोघांपैकी एकाचे दार आधी उघडले, तर दुसऱ्याच्या परीक्षेसाठी घरातला वेळ आणि पैसा कसा राखायचा, हे लग्नाआधी बोला. या प्रश्नांनी काही पालक नाराज होतात. त्यांना वाटते फादर शंका घेतात. घेऊ द्या वाटून.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिची आई छत्री मिटत धर्मगुरुनिवासाच्या पायऱ्या चढून आली. हातात पेढ्यांचा पुडा. मी उठून उभाच राहिलो.

"पास झाली?"

"नाही हो फादर," ती म्हणाली आणि पुडा माझ्यापुढे धरला, "जागा मिळाली. परीक्षेला बसायची जागा मिळाली."

मी पेढा घेतला. ती म्हणाली, तिने सकाळीच पितळेची पाटी काढून चिंचेने घासली आहे. कोणत्या दाराला लावायची हे देव जाणे. पण काळवंडलेली बरी दिसत नाही. दुसऱ्या दिवशीचा मिस्सा मी त्या परीक्षेसाठी अर्पण केला, आणि परीक्षकांसाठीही.